नोएडाची धास्ती

गणेशभक्तहो, पोटापाण्यासाठी येऊन आपण जेथे स्थायिक झालो, त्या नोएडाचे नाव काढले की एकेकाळी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांना धडकी भरे! १९८८ साली वीर बहादूर सिंह येथे येऊन गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांची खुर्ची गेली. पुढच्या वर्षी नारायण दत्त तिवारींचेही तेच झाले. झाले! 'नोएडाला जो येतो, तो खुर्चीला मुकतो' अशी समजूत पसरली.

१४ ऑक्टोबर २०११ रोजी मायावती दलित प्रेरणा स्थळाच्या उद्घाटनाला आल्या. मार्च २०१२ मध्ये त्यांची सत्ता गेली. मग अखिलेश यादव ताकही फुंकून पिऊ लागले. ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किलोमीटरच्या यमुना एक्सप्रेसवेचे उद्घाटन त्यांनी ९ ऑगस्ट २०१२ रोजी लखनौत बसून केले. लग्न इथे, अक्षता तिथे! तरीही २०१७ साली सत्ता गेलीच.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला योगी आदित्यनाथ मेट्रोच्या उद्घाटनाला येथे आले आणि २०२२ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हसू येते खरे. पण या धास्तीपायी येथील रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकायला अनेक मुख्यमंत्री फिरकलेच नाहीत. गणरायाने असली विघ्ने सर्वांच्याच मनातून दूर करावीत, हीच प्रार्थना!