पत्रकार परिषद साडेअकराला

गस व्हॅन सँटच्या ‘मिल्क’ (२००८) या चित्रपटात शेवट सुरुवातीलाच सांगून टाकलेला आहे. पहिल्या काही मिनिटांतच जुन्या बातमीपटातल्या खऱ्या डायान फाइनस्टाइन, शहराच्या सभागृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष, माइकसमोर येतात आणि सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी व सुपरवायझर हार्वी मिल्क यांचा गोळ्या झाडून खून झाल्याचं जाहीर करतात. पुढचे दोन तास आपण मिल्कला मृत्यूकडे जाताना पाहतो. शॉन पेनचा मिल्क स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टेपरेकॉर्डरवर बोलत असतो: आपला खून झाला तरच ही टेप वाजवा. अशी टेप खरोखरच होती. कॅलिफोर्नियात उघडपणे समलिंगी म्हणून निवडणूक जिंकणारा मिल्क हा पहिलाच माणूस. निवडून आल्यावर दहाच दिवसांनी, १८ नोव्हेंबर १९७७ रोजी, त्याने ती ध्वनिमुद्रित करून ठेवली होती.

चित्रपटाला हे भाकीत फार आवडलेलं आहे. सबंध कथा त्यावरच टांगलेली आहे. पण त्या दिवसाचा घटनाक्रम घड्याळ समोर ठेवून पाहिला, तर त्यात नियतीपेक्षा कचेरीच जास्त दिसते. आपल्याला मारणारा कुणीतरी अनोळखी माथेफिरू असेल, असं मिल्कने गृहीत धरलं होतं. मारेकरी निघाला त्याच्याच सभागृहातला सहकारी, आणि त्याच्या वाटेवरची बहुतेक दारं लोकांनी सौजन्याने उघडली.

शुक्रवार, १० नोव्हेंबर १९७८. सतरा दिवस आधी

डॅन व्हाइट सुपरवायझरपदाचा राजीनामा देतो. वय ३२. आधी पोलिसात, मग अग्निशमन दलात. पेटलेल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरून एका बाईला आणि तिच्या बाळाला वाचवल्यामुळे नाव झालेलं. सुपरवायझर म्हणजे साधारण आपल्याकडचा नगरसेवक. पगार वर्षाला ९,६०० डॉलर, आणि नगरसेवक झाल्यावर अग्निशमन दलाची नोकरी सोडावी लागलेली. घरात तान्हं मूल. पिअर ३९ या नव्या पर्यटन धक्क्यावर त्याने बटाट्याच्या पदार्थांचा स्टॉल टाकला होता, पण त्यावर भागत नव्हतं. राजीनाम्याचं कारण पैशाची ओढाताण हेच होतं.

काही दिवसांतच त्याचं मन बदललं. पाठीराखे आणि पोलिसांतले जुने दोस्त त्याच्या मागे लागले, आणि त्याने महापौरांकडे राजीनामा परत मागितला. मॉस्कोनी भला माणूस. आधी हो म्हणाला. मग शहराच्या वकिलाने सांगितलं की राजीनामा लागू झाला आहे, आता फक्त नव्याने नेमणूक करता येईल.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक फरक सांगायला हवा. तिथला महापौर नुसता मानाचा नसतो, शहराचा कारभार त्याच्याच हातात असतो. आणि सुपरवायझरची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, महापौरच कुणाला तरी नेमतो. अकरा जणांच्या सभागृहात मॉस्कोनीची बरीच विधेयकं एका मताने पडत होती. व्हाइटची जागा म्हणजे ते एक मत. मिल्कने मॉस्कोनीला स्पष्ट सांगितलं की व्हाइटला परत घेऊ नका. समलिंगी व्यक्तींना नोकरीत आणि घर भाड्याने घेताना संरक्षण देणारा शहराचा कायदा त्याच वर्षी दहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला होता. ते एक मत व्हाइटचं होतं.

दोघं मुळात शत्रू नव्हते. व्हाइटच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला बोलावलेल्या मोजक्या सहकाऱ्यांत मिल्क होता. पुढे व्हाइटच्या प्रभागात मानसोपचार घेणाऱ्या मुलांसाठी केंद्र काढायचा प्रस्ताव आला. मिल्क आधी व्हाइटच्या बाजूने होता, ऐन मतदानात उलटला. व्हाइटने ते कधीच माफ केलं नाही. गंमत अशी की दोघांना सभागृहात आणणारी सुधारणा एकच होती. पूर्वी सबंध शहर मिळून सगळे सुपरवायझर निवडायचं. १९७७ साली प्रभागवार मतदान झालं म्हणून समलिंगींच्या कॅस्ट्रो वस्तीतला कॅमेरा दुकानदार निवडून आला आणि दक्षिणेकडच्या कॅथलिक कामगारवस्तीतला फायरमनही.

शनिवार, १८ नोव्हेंबर

गयानातल्या जोन्सटाउनमध्ये पीपल्स टेंपल या पंथाचे नऊशेहून अधिक लोक मरण पावतात. पंथाचं मुख्य ठाणं सॅन फ्रान्सिस्कोत होतं आणि शहरातले अनेक पुढारी त्याच्या मतांवर अवलंबून राहिलेले. मॉस्कोनी आणि मिल्कही त्याला अपवाद नव्हते. सबंध शहर सुतकात होतं. सिटी हॉलमध्ये सगळ्यांना धास्ती होती ती पंथाचे उरलेले लोक सूड घ्यायला येतील याची. दारांवर मेटल डिटेक्टर होते, आणि पहारेकऱ्यांची नजर बाहेरून येणाऱ्या परक्यांवर होती.

चित्रपटाने जोन्सटाउन गाळलं आहे. मला ती मोठी उणीव वाटते. त्या आठवड्यात एका राजीनाम्याच्या भांडणाकडे कुणाचं लक्ष का नव्हतं, हे त्यावाचून कळतच नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर, रात्र

केसीबीएस रेडिओची वार्ताहर व्हाइटच्या घरी फोन करते: तुम्हाला पुन्हा नेमणार नाहीत असं कळतंय, तुमचं म्हणणं काय? नेमणूक मिळणार नसल्याची बातमी व्हाइटला अशी समजली. महापौरांनी स्वतः कळवलं नव्हतं. व्हाइटने काही बोलायला नकार देऊन फोन ठेवला. रात्रभर तो झोपला नाही, असं पुढे खटल्यात सांगण्यात आलं.

चित्रपटात मिल्क ‘तोस्का’ पाहून येतो आणि उजाडता उजाडता आपल्या जुन्या जोडीदाराला, स्कॉट स्मिथला, फोन करतो. मिल्कचं ऑपेरावेड खरं होतं. ‘तोस्का’त नायकाला खोटी शिक्षा होणार, बंदुकीत गोळ्या नसणार, असं वचन दिलेलं असतं आणि गोळ्या खऱ्या निघतात. पटकथाकार डस्टिन लान्स ब्लॅकला हा धागा सोडवला नाही. प्रसंग देखणा आहे. पण त्यामुळे प्रेक्षक सकाळच्या गोष्टी आधीच शोकांतिका मानून पाहू लागतो, आणि सकाळ तर अगदी रोजच्यासारखी होती.

सोमवार, २७ नोव्हेंबर, सकाळ

मॉस्कोनीला तीनच दिवसांपूर्वी ४९वं वर्ष पूर्ण झालेलं. साडेअकराला पत्रकार परिषद, तीत व्हाइटच्या जागी डॉन होरान्झी या कार्यकर्त्याचं नाव जाहीर होणार. मिल्क आपल्या कचेरीत. वीस दिवसांपूर्वी त्याने आयुष्यातली सर्वात मोठी लढाई जिंकली होती: समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढायचा प्रस्ताव क्रमांक ६ कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५८ टक्के मतांनी फेटाळला होता. सभागृहाच्या अध्यक्ष फाइनस्टाइन हिमालयातल्या भटकंतीहून नुकत्याच परतलेल्या. महापौरपदाच्या दोन निवडणुका हरून झाल्या होत्या, आणि आता राजकारण पुरे, असं त्या त्या सकाळी पत्रकारांना सांगत होत्या.

व्हाइट मदतनीस बाईच्या गाडीतून सिटी हॉलकडे निघतो. कमरेला पोलिसातल्या दिवसांतलं .३८ स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर, त्यात पाच गोळ्या. कोटाच्या खिशात आणखी दहा.

१०.२५च्या सुमारास

मुख्य दाराने गेलं तर मेटल डिटेक्टर. व्हाइट इमारतीच्या बाजूला वळतो आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून आत उडी मारतो. आवाज ऐकून पालिकेचा एक कर्मचारी हटकतो. मदतनीस दार उघडायला येणार होती, आली नाही. मी सुपरवायझर डॅन व्हाइट, असं सांगून तो पुढे जातो. सुपरवायझर तो आता नव्हता. पण सूट-टायमधला, ओळखीच्या चेहऱ्याचा, एकेकाळचा पोलीस. त्याला कोण अडवणार?

व्हॅन सँटचा कॅमेरा इथे व्हाइटच्या पाठीमागून चालतो. ‘एलिफंट’मध्येही त्याने शाळेच्या बोळांतून असाच मुलांचा माग काढला होता. माझ्या मते सबंध चित्रपटात एवढाच तुकडा असा आहे जिथे भाकीत बाजूला राहतं. पाठमोरा माणूस, लांबलचक संगमरवरी मार्गिका आणि पावलांचा आवाज. चित्रणही खऱ्या सिटी हॉलमध्येच झालं आहे.

१०.४०

महापौरांच्या कचेरीबाहेर व्हाइट भेट मागतो. आत आमदार विली ब्राउन बसले आहेत. १९७५ साली कॅलिफोर्नियात प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कायदा ज्या दोघांनी रेटून नेला, ते हेच दोघं: विधानसभेत ब्राउन, सिनेटमध्ये मॉस्कोनी. मिल्क निवडून यायच्या आधीची ही गोष्ट. चित्रपटात मॉस्कोनी (व्हिक्टर गार्बर) मात्र हसतमुख दुय्यम पात्र होऊन राहतो. पहिल्या गोळ्या त्याला लागल्या, हेही लोक विसरतात.

सचिव विचारते, आणखी कुणाला आत बसवू का? महापौर नको म्हणतात, एकटाच भेटतो. ब्राउन दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. (अठरा वर्षांनी, १९९६मध्ये, ते याच शहराचे महापौर झाले.) व्हाइट आत येतो, आवाज चढतो. बाहेरच्यांच्या कानावर जाऊ नये, माणसाची शोभा होऊ नये, म्हणून मॉस्कोनी त्याला मागच्या खासगी खोलीत नेतो. सिगारेट पेटवतो, दोघांसाठी ग्लास भरू लागतो.

दोन गोळ्या खांद्यात आणि छातीत. मग जवळ येऊन दोन डोक्यात. बाहेर ऐकणाऱ्यांना वाटलं, रस्त्यावर एखाद्या गाडीचा फटाका वाजला असेल. व्हाइट तिथेच उभा राहून रिव्हॉल्व्हर पुन्हा भरतो.

१०.५५च्या आत

तो इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, सुपरवायझरांच्या कचेऱ्यांकडे जातो. फाइनस्टाइन दारातून त्याला हाक मारतात. राजकारणात त्यांनीच त्याला हात दिला होता. आधी एक काम आहे, असं म्हणून तो पुढे निघतो. मिल्कला गाठून म्हणतो, जरा माझ्या खोलीत येतोस का? मिल्क जातो. वर्षभरापूर्वी आपल्या खुनाची टेप करून ठेवलेला माणूस, पण सहकाऱ्याने बोलावल्यावर उठून गेला. तेव्हा त्याला टेप आठवली असेल असं मला वाटत नाही.

पहिली गोळी वाचवायला वर केलेल्या मनगटाला लागली. एकूण पाच, शेवटच्या दोन डोक्यात. वय ४८.

चित्रपटात कोसळताना मिल्कला खिडकीतून समोरच्या ऑपेरा हाउसवरचे ‘तोस्का’चे फलक दिसतात. फाइनस्टाइन यांनी जे अनुभवलं त्यात ऑपेरा नव्हता. त्या आवाजाच्या दिशेने धावल्या आणि नाडी बघायला मनगटाला हात लावला, तेव्हा बोट गोळीच्या भोकात गेलं. पुढची अनेक वर्षं त्या हेच सांगत राहिल्या.

व्हाइट मदतनिसाकडून गाडीच्या किल्ल्या घेतो आणि इमारतीबाहेर पडतो. कुणीही अडवत नाही.

११.२०

पत्रकार आणि कॅमेरे आधीच जमलेले आहेत, कारण साडेअकराची पत्रकार परिषद. त्यांना मिळाली ती बातमी वेगळीच. अध्यक्ष या नात्याने आता कार्यवाहक महापौर झालेल्या फाइनस्टाइन दोन वाक्यांत मृत्यू सांगतात आणि तिसऱ्यात संशयिताचं नाव. गर्दीतून उठलेला आवाज त्या चित्रफितीत स्पष्ट ऐकू येतो. राजकारण सोडायला निघालेल्या या बाई पुढे १९८८पर्यंत महापौर होत्या, आणि मिल्कच्या जागी नेमणूक करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हॅरी ब्रिटला निवडलं. टेपमध्ये मिल्कने चालतील म्हणून सांगितलेल्या नावांपैकी ते एक होतं.

दुपार

व्हाइट सेंट मेरीज कॅथीड्रलमध्ये पत्नीला भेटतो आणि तिच्यासोबत चालत आपल्या जुन्याच पोलीस ठाण्यात हजर होतो. जबाब घेणारा निरीक्षक फ्रँक फाल्झन त्याचा जुना मित्र, पूर्वीचा सॉफ्टबॉल संघातला सोबती. पंचवीसेक मिनिटांच्या त्या टेपमध्ये व्हाइट रडतो, घरच्या अडचणी सांगतो. उलटतपासणीचे प्रश्न कमीच.

जोश ब्रोलिनने साकारलेला व्हाइट खलनायक नाही, हे चांगलंच झालं. मात्र तो स्वतःच दबलेला समलिंगी असावा, अशी जी सूचना चित्रपट मिल्कच्या तोंडून करतो तिला काही आधार नाही. नेमणूक न मिळालेल्या माणसाचा राग पुरेसा होता.

संध्याकाळ

कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत मेणबत्त्या घेऊन लोक चालले. पंचवीस ते चाळीस हजार. चित्रपट इथेच संपतो आणि उरलेलं पडद्यावरच्या ओळींत सांगतो. अमेरिकेत तो २६ नोव्हेंबर २००८ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे मुंबईवर हल्ला झाला त्याच तारखेला. पुढे शॉन पेन आणि ब्लॅक यांना ऑस्कर मिळाली, त्या रात्री आपलं सगळं लक्ष ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या आठ बाहुल्यांवर होतं.

२१ मे १९७९

पडद्यावरच्या ओळींत उरकलेला भाग खरं तर दुसऱ्या चित्रपटाचा ऐवज आहे. व्हाइटच्या खटल्यातल्या ज्युरीत उघडपणे समलिंगी असं कुणीही नव्हतं. फाल्झनपुढची टेप सरकार पक्षाने पुरावा म्हणून वाजवली आणि काही ज्युरींना रडू कोसळलं. नैराश्यामुळे आरोपी नीट विचार करू शकत नव्हता, हा बचाव मान्य झाला. गोडधोड खाल्ल्याने खून झाला असं वकील म्हणाला, ही लोकप्रिय कहाणी खरी नाही. चॉकलेट-केकचा उल्लेख नैराश्याचं एक लक्षण म्हणून ओझरता आला होता. शिक्षा झाली सदोष मनुष्यवधाची: सात वर्षं आठ महिने. त्या रात्री सिटी हॉलसमोर पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आणि पोलिसांनी कॅस्ट्रोतल्या एका बारमध्ये घुसून लोकांना झोडपलं.

व्हाइट जानेवारी १९८४मध्ये सुटला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने आत्महत्या केली. बऱ्याच वर्षांनी फाल्झनने सांगितलं की सुटल्यावर व्हाइटने आपल्याजवळ कबुली दिली होती: त्या सकाळी त्याला चौघांना मारायचं होतं. मॉस्कोनी, मिल्क, सुपरवायझर कॅरोल रूथ सिल्व्हर आणि विली ब्राउन. ज्युरीपुढे वाजलेल्या टेपमध्ये यातलं काहीही नव्हतं.