शंभर धक्के, दहा पावलं

पाय जपून टाका! उतरलात तिथेच लिदीचा सडा पडलाय, आणि मागून घोड्यांची बस खडखडत येतेय. व्हा बाजूला. हं, आता श्वास घ्या. घोड्यांचा घाम, दगडी कोळशाचा धूर, लोकरी कोटांचा कुबट वास आणि कोपऱ्यावरच्या कॅफेतली कडक कॉफी. आलात तुम्ही पॅरिसमध्ये. तारीख 29 मार्च 1900. शहरात जागोजागी जमीन खणून ठेवलीय, कारण भुयारी रेल्वे यायचीय. जागतिक प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलंय, त्यामुळे जो तो घाईत.

चौकात चहूबाजूंनी खांब असलेली ती अवाढव्य इमारत दिसतेय ना? खांब 64 आहेत, मोजत बसू नका. देवळासारखी दिसली तरी ते देऊळ नव्हे, शेअर बाजार आहे. इथले लोक त्याला बूर्स म्हणतात. बायकांना सौद्यांच्या दालनात मज्जाव आहे आणि तो 1967 पर्यंत उठायचा नाही. म्हणून तुम्ही कुणीही असा, काळा कोट आणि उंच टोपी चढवा. गरज पडलीच तर मिशाही चिकटवून देतो. चला, बारा वाजत आलेत.

पायऱ्यांवरच गर्दी लागते. खांबांच्या सावलीत बिगरपरवाना दलाल उभ्या उभ्या सौदे करतायत. बाहेर झाडांखाली बुडीत कंपन्यांचे कागद विकणारे घोळक्याने उभे आहेत. पावसात उभं राहावं लागतं म्हणून त्यांना ओल्या पायांचे म्हणतात. आत शिरलात की पहिला तडाखा कानांना बसतो. काचेच्या छतातून पांढुरका उजेड झिरपतोय आणि त्याखाली शेकडो माणसं एकाच वेळी ओरडतायत. मधोमध गोल कठडा आहे. त्याच्याभोवती उभं राहून भाव पुकारायचा हक्क फक्त 70 अधिकृत दलालांना. ‘घेतो!’, ‘देतो!’ असं ओरडताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ होतात. तंबाखूचा वास घशात उतरतो. कोटाच्या आत घामाची धार पाठीवरून सरकते, आणि टोपी काढायला हात वर करावा इतकीही जागा नाही.

आज सगळ्यांचं लक्ष रेंटवर आहे. हे सरकारी कर्जरोखे, 3 टक्के व्याजाचे. दर तीन महिन्यांनी 75 सेंटिम हातात पडतात. भाव 100 फ्रँकच्या आसपास घुटमळतोय. महिना संपत आलाय, म्हणजे वायद्यांचा निकाल लागायची वेळ. तुमच्या शेजारचा लठ्ठ गृहस्थ बयाण्याचा सौदा करून बसलाय. भाव चढला तर ठरलेल्या किमतीला रोखे उचलायचे, पडला तर नुसता बयाणा सोडून द्यायचा. त्याच्या ओठांवर घामाचे थेंब आहेत. भाव कुठे जाईल, हे त्याला माहीत नाही, त्याच्या दलालालाही नाही. कोणी तार घेऊन धावत येतो, कठड्याजवळ गलका होतो, भाव दोन सेंटिम वर. लगेच दुसरा कोणी विकायला काढतो, भाव तीन सेंटिम खाली.

आता एक करा. हातपाय ढिले सोडा आणि गर्दीला तुम्हाला ढकलू द्या. एक खांदा लागतो, तुम्ही एक पाऊल डावीकडे. एक कोपर बरगडीत बसतं, एक पाऊल उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. ढकलणाऱ्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. आधीचा धक्का कुठून बसला, हे पुढच्याला ठाऊक नाही. असे 100 धक्के खाल्ल्यावर तुम्ही कुठे असाल? नेमकी जागा कोणी सांगू शकत नाही, पण सुरुवातीपासून साधारण 10 पावलांच्या अंतरावर सापडाल. 400 धक्के खाल्लेत तर 20 पावलांवर. धक्के चौपट झाले की अंतर दुप्पट होतं. बरगड्या चोळत हे एवढं ध्यानात ठेवा, कारण ज्या माणसाला भेटायचंय त्याने हेच गणित मांडलंय.

चला बाहेर, नदीकडे. वाटेत लोखंडी छपरांचा मोठा बाजार लागतो. खरेदीविक्री सकाळीच आटोपलीय. आता कोबीच्या चिंबलेल्या पानांवरून पाय घसरतो, मासळी आणि चीजचा वास नाकात भरतो. सीन ओलांडली की सोर्बोन. बांधकाम अजून पुरतं संपलेलं नाही. मागच्या बाकावर बसा आणि खोकला आला तर रुमाल धरा, इथे प्रबंधाची परीक्षा चाललीय.

फळ्यापाशी उभा आहे तो लुई बाशेलिए, वय 30. ल आव्र बंदरातल्या दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. विशीच्या आतच आईवडील दोघंही गेले, तेव्हा शिक्षण बाजूला ठेवून त्याने धंदा सांभाळला. समोर परीक्षक आहेत आपेल, बूसिनेस्क आणि प्वांकारे. असे तिघे समोर असले की भल्याभल्यांची जीभ कोरडी पडते. त्यात प्रबंधाचा विषय सट्टेबाजी! गणिताच्या प्रबंधात असला बाजारू विषय इथे सहसा येत नाही.

पण ऐका तो काय म्हणतोय. भाव उद्या चढेल की पडेल, हे सांगायचा त्याचा दावाच नाही. विकणारा आणि घेणारा दोघंही शहाणे आहेत, म्हणून सट्टेबाजाची सरासरी अपेक्षा शून्य धरायला हवी, इथून तो सुरुवात करतो. मग विचारतो, आजच्या भावापासून भाव किती लांब भरकटेल? त्याचं उत्तर असं: प्रत्येक भाव आपली थोडी संभाव्यता शेजारच्या भावाला देत असतो, आणि तापलेल्या सळईत उष्णता पसरते त्याच समीकरणाने ती पसरते. पसारा वेळेच्या वर्गमूळाने वाढतो. म्हणून आजच्याच भावाला खरेदी करायचा हक्क घेतला, तर चार दिवसांच्या हक्काची किंमत एका दिवसाच्या चौपट नव्हे, दुप्पट भरते. हे कागदावरचं गणित त्याने बूर्सच्या 1894 ते 1898च्या भावांशी ताडून पाहिलंय. प्वांकारेंनी विषय अनोखा असल्याचं नोंदवलं आणि मांडणीची वाखाणणीही केली. तरी शेरा मिळाला तो पहिल्या नव्हे, दुसऱ्या दर्जाचा. त्या शेऱ्याची मला आजही चुटपुट लागते. आइन्स्टाइन बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना, बाशेलिएचं नावही न ऐकता, द्रवात तरंगणाऱ्या कणांचा विचार करत याच समीकरणापर्यंत पोहोचला, पण तोवर आणखी पाच वर्षं गेली होती.

आता शहर तेच ठेवू आणि आठेक वर्षं पुढे सरकू. ही भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँची प्रयोगशाळा. कोट काढा, बाह्या सरसावा. तुमच्या हातात जो पिवळाजर्द डिंकासारखा खडा दिलाय ते गॅम्बोज. चित्रकार पिवळ्या रंगासाठी वापरतात, पोटात गेलं तर जोराचे जुलाब होतात. तेव्हा बोट चाटू नका! इंडोचायनातल्या झाडांचा हा चीक. हे झाड आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया घराण्यातलं. पाण्याच्या बारीक धारेखाली तो खडा साबणाच्या वडीसारखा तळहातावर चोळा. बघा, पाणी झेंडूसारखं पिवळं झालं. या पाण्यात असंख्य गोल कण तरंगतायत, पण लहानमोठे, आणि पेरँला हवेत सगळे एका मापाचे. म्हणून ते पाणी मिनिटाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या यंत्रात फिरवायचं, वेगळं करायचं, पुन्हा फिरवायचं. एक किलो गॅम्बोज घेऊन महिनोन्महिने हे केल्यावर हाती आला एका ग्रॅमचाही काही अंशच. यंत्राची घरघर कानात बसते, नखं आठवडाभर पिवळी राहतात.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. कणाची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अर्ध्याएवढी. पाणी स्थिर आहे, वाऱ्याची झुळूक नाही, तरी तो कण थरथरतो, सरकतो, मागे येतो, वळतो. शेजारी बसलेला विद्यार्थी घड्याळ बघून दर 30 सेकंदांनी हाक देतो. त्या क्षणी कण जिथे असेल तिथे चौकटीच्या कागदावर टिंब द्यायचं. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे प्रत्यक्षात 3 मायक्रॉनहून किंचित जास्त. हाक, टिंब. हाक, टिंब. मान अवघडते, डोळ्याला पाणी येतं. टिंबं रेघांनी जोडली की कागदावर वेडीवाकडी जाळी उमटते. आणि पेरँ तुम्हाला बजावतो की ही जाळीसुद्धा खोटी आहे. 30 सेकंदांऐवजी दर सेकंदाला टिंब दिलं असतं, तर यातली एकेक सरळ रेघ फुटून अख्ख्या चित्राइतकीच गुंतागुंतीची झाली असती. या वाटेवर कुठेच स्पर्शिका काढता येत नाही.

ही चाल तुम्ही ओळखलीत? बूर्समध्ये तुमचं जे झालं तेच या कणाचं होतंय. तिथे खांदे आणि कोपरं होती, इथे पाण्याचे अदृश्य रेणू आहेत. अंतरं मोजा: वेळ चौपट झाला की सरासरी पल्ला दुप्पट.

पेरँचं एवढ्यावर भागत नाही. तो तुम्हाला मोजायला बसवतो. पाण्याच्या पातळ थरात कुठल्या उंचीवर किती कण आहेत? एका नजरेत पाचसहाच दिसावेत म्हणून सुईने भोक पाडलेला पत्रा भिंगात बसवलाय. डोकावा, आकडा सांगा, पुन्हा डोकावा. एका मालिकेत असे 13,000 कण मोजले गेले. दर 30 मायक्रॉन वर गेलं की संख्या साधारण निम्मी होत जाते, जशी डोंगरावर चढताना हवा विरळ होते. त्या घटीवरून त्याने रेणूंची मोजदाद केली. अणू ही निव्वळ सोयीची कल्पना आहे म्हणणारे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांच्यासारखे दिग्गजही अशा पुराव्यांपुढे नमले. साबणासारखा चोळलेला चीक आणि अवघडलेली मान यांच्या जोरावर अणूचं अस्तित्व पक्कं झालं.

एक शेवटची उडी, टोकियोत, 1942. शाईचा उग्र वास येतोय का? हाताने लिहून चक्रमुद्रित केलेली, जपानी भाषेतली गणितपत्रिका आहे ती. सरकारी सांख्यिकी कचेरीत काम करणाऱ्या कियोशी इतो नावाच्या तरुणाचा लेख त्यात आलाय. जिथे स्पर्शिकाच नाही तिथे नेहमीचं कलनशास्त्र लंगडं पडतं, म्हणून त्याने नवं रचलं. त्याच्या समीकरणात दोन पदं असतात, एक ओढ आणि एक धक्का. बारीक बदलाचा वर्ग एरवी हिशेबातून सुटेल इतका क्षुल्लक, पण धक्क्याचा वर्ग वेळेइतकाच भरतो, म्हणून तो सोडून चालत नाही. बाशेलिएचं वर्गमूळ आता रीतसर कलनशास्त्रात जाऊन बसलं.

गर्दीचं गणित तिथे संपलेलं नाही. तुमच्या जागी एकटा कण नसून शेजाऱ्यांना बांधलेली अख्खी रांग असेल तर? जळत्या कागदाची पुढे सरकणारी कड हे त्याचं उदाहरण, कारण तिथला प्रत्येक बिंदू शेजारच्याला ओढून नेतो. कार्दार, पारिझी आणि झांग यांनी 1986 मध्ये त्यासाठी समीकरण लिहिलं. अशा कडेचा खडबडीतपणा वेळेच्या वर्गमूळाने नव्हे, घनमूळाने वाढतो. पण त्या समीकरणाला काटेकोर अर्थ द्यायला गणितज्ञांना पाव शतकाहून जास्त काळ लागला. ते काम ज्यात मोडतं त्या संशोधनासाठी मार्टिन हायरर यांना 2014 मध्ये फील्ड्स पदक मिळालं. एकेकट्याला बसणारे धक्के एका नियमाने साचतात, एकमेकांना धरून खाल्लेले दुसऱ्या. पुढचा धक्का कुठून येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. तो किती दूर नेईल, हे मात्र सांगता येतं, आणि माझ्या मते माणसाने केलेल्या सगळ्यात धाडसी हिशेबांपैकी हा एक आहे.