वाकवलेल्या सळईत लपलेला आलेख

आमच्या धावड्यात स्लॅब टाकायच्या आधी रिंगा वाकवणारे कारागीर बघा. काटकोन हवा असेल तर ते सळई काटकोनापेक्षा जरा जास्तच वाकवतात. हात सोडला की ती थोडी परत येते, हे त्यांना सवयीने माहीत असतं. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या सळईचीही आयएस १७८६ प्रमाणे वाकवून चाचणी होते, पण तिथे प्रश्न एवढाच असतो: तडा गेला की नाही? त्याच वाकण्यातून धातूचा अख्खा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढायचा, तर काय लागेल?

सुरुवात गॅलिलिओपासून करू. १६३८ मध्ये त्याने भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला. तुळई खालच्या कडेवर फिरते आणि सगळ्या छेदात ताण सारखाच असतो, असं त्याने धरलं. त्यामुळे ताकद आजच्या लवचिक सूत्राच्या तिप्पट येते! तरी चूक लवकर पकडली गेली नाही, कारण ताकद रुंदीच्या आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचं बरोबर होतं. दोन तुळयांची तुलना केली की उत्तर जुळायचं. चुकला होता तो फक्त स्थिरांक.

पुढे पारां (१७१३) आणि कुलोम (१७७३) यांनी दाखवलं की छेदाचा एक भाग ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि मधे उदासीन अक्ष असतो.

पण हे लवचिक सूत्रही यील्डनंतर फसवतं. आयताकृती पट्टी पूर्ण प्लास्टिक झाली, की ते खऱ्याच्या दीडपट स्ट्रेस दाखवतं. यावरचा उपाय नडाईच्या १९५० च्या ग्रंथात आहे. सूत्र आधी गृहीत धरायचंच नाही. आघूर्ण आणि वक्रता मोजत जायचं, आलेख काढायचा आणि त्याचा उतार घ्यायचा:

कडेचा स्ट्रेस = [२ ÷ (रुंदी × जाडीचा वर्ग)] × [२ × आघूर्ण + वक्रता × उतार]

कडेचा स्ट्रेन म्हणजे वक्रता गुणिले अर्धी जाडी. झाला आलेख तयार!

अर्थात, इथेही गृहीतकं आहेतच: सपाट छेद सपाट राहतो, आणि धातू ताणात व दाबात सारखाच वागतो. शिवाय उतार काढताना मोजमापातली बारीक चूकही मोठी होते.

म्हणून संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्या. आकडे जुळले की लगेच खूश होऊ नका. आधी विचारा, माझं गृहीतक चुकलं असतं तरी हे आकडे असेच जुळले असते का?