जीपचा जन्मदाखला: कांदिवलीचा कारखाना, गॅरेजमधले बदल आणि 'मूळ' गाडीचा प्रश्न

१/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत जुनी फोर-बाय-फोर जीप विक्रीस निघते, तेव्हा नवखा ग्राहक आधी तिचे रुंद टायर न्याहाळतो. जाणकार आधी आरसी मागतो आणि मग खाली वाकून चेसिसवरचा क्रमांक शोधतो. कागदावरची जीप आणि समोर उभी असलेली जीप एकच आहे का, या प्रश्नामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग मुंबईत घडला आहे.

२/ प्रारंभ मात्र अमेरिकेत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. गाडी चारही चाकांवर चालणारी हवी होती आणि मुदत अत्यंत अपुरी होती. अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून बॅंटम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या हवाली केला. पुढे घाऊक उत्पादनाचे काम मुख्यतः विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले.

३/ एकच गाडी दोन कारखान्यांत तयार होणार असल्याने लष्कराचा आग्रह होता, की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डने आपल्या बोल्टांवर 'एफ' हे अक्षर उमटवले, तरी ते बोल्ट विलीजच्या गाडीलाही चपखल बसत. युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. रणभूमीवर दोन मोडक्या जीपमधून एक धडधाकट जीप उभी करता येई. सुटे भाग बदलत जगणे हा या यंत्राचा जन्मजात गुण होता.

४/ युद्ध संपले आणि उरलेल्या जीप जगभर नागरी हातांत गेल्या. फिलिपिन्समध्ये लोकांनी त्या लांबवून, छत घालून, रंगवून 'जीपनी' नावाची प्रवासी गाडी घडवली. भारतातही लष्करी डिस्पोजलच्या जीप शेतमालक, शिकारी, ठेकेदार यांच्याकडे पोहोचल्या. लष्करी यंत्राला आपल्या गरजेनुसार कापण्या-जोडण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे.

५/ १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. त्याच सुमारास विलीज जीपचे सुटे भाग पेट्यांतून मुंबईत उतरू लागले आणि माझगावात त्यांची जुळणी होऊ लागली. म्हणजे भारतीय जीपचा जन्मच मुळी जोडकामातून झाला.

६/ मुंबईला हे काम नवे नव्हते. शिवडीत जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. परंतु १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की ज्यांच्याकडे देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना नाही, त्यांना केवळ जुळणी करता येणार नाही. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. महिंद्रने मात्र टिकून राहून टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाची वाट धरली.

७/ हे उत्पादन पुढे पश्चिम रेल्वेच्या कडेने उत्तरेकडे, कांदिवलीला सरकले. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनीही स्थापन झाली आणि तिचा कारखानाही कांदिवलीतच उभा राहिला. जीप आणि ट्रॅक्टर असे शेजारी आले. हा शेजार पुढे जीपच्या पोटातच शिरणार होता.

८/ महिंद्रने दीर्घकाळ बनवलेले मॉडेल म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ते १९५३ मध्ये आले. त्याच्या नव्या इंजिनाचे डोके उंच होते, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. जुन्या बाजारात आजही ऐकू येणारे 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' हे शब्द तिथून आले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद पडले. भारतात त्याची वंशावळ त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

९/ १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जीप पोसणे अवघड झाले. कंपनीने सीजे ५०० डी या जीपमध्ये इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला, इगतपुरीत त्या डिझेल इंजिनांचे उत्पादन होऊ लागले आणि एमएम ५४० सारख्या जीपमध्ये ती बसली. इंजिन बदलण्याचा धडा खुद्द कारखान्याने घालून दिला होता.

१०/ गॅरेजांनी तो गिरवला. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन, टू-व्हील ड्राइव्हच्या गाडीखाली फोर-व्हीलचा पुढचा अॅक्सल, हाय बॉनेट कापून लो बॉनेट. हरियाणातील मंडी डबवाली तर अशा जीप बांधून विकण्यासाठीच प्रसिद्ध झाले. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली, निसान पेट्रोलवर आधारलेली जोंगा लिलावातून बाहेर आली, की तिच्या सुमारे चार लिटरच्या इंजिनाची तहान न परवडून तिलाही डिझेल इंजिन मिळे. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी होती. तिला उंच स्प्रिंगा आणि मोठे टायर चढवणे हा जणू रिवाजच झाला.

११/ कायद्याने हे सारे प्रारंभी सरसकट निषिद्ध मानले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा मूळ रोख कागद खरा ठेवण्यावर होता. आरसीतील तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा, तर मालकाने आरटीओला आधी कळवावे, मंजुरी घ्यावी आणि नोंद दुरुस्त करून घ्यावी. अशी नोंद झालेल्या बदललेल्या जीप आजही रस्त्यावर आहेत.

१२/ २००० च्या दुरुस्तीने कसोटीच बदलली. आता आरसीतील तपशील 'उत्पादकाने मूळ ठरवलेल्या' तपशिलापासून दूर जाता कामा नये, असा दंडक आला. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनासाठीच्या संचाला मुभा राहिली. ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळातून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी चालेल, पण गाडीचा मूळ ढाचा बदलता येणार नाही.

१३/ येथे दोन इतिहास समोरासमोर येतात. यंत्राचा इतिहास सांगतो, की बदलत राहिली म्हणूनच जीप टिकली. कायदा विचारतो, की कारखान्याच्या दारातून ती कशी बाहेर पडली होती? साठ वर्षांच्या जीपचे इंजिन तिसरे, गिअरबॉक्स दुसरा आणि बॉडी नवी असेल, तर तिच्यात 'ती'च म्हणण्यासारखे उरते ते मुख्यतः चेसिस आणि त्यावर कोरलेला क्रमांक.

१४/ म्हणूनच उपनगरातल्या ग्राहकासाठी कागद हा गाडीचाच एक भाग असतो. अंधेरीची नोंदणी एमएच ०२, बोरिवलीची एमएच ४७, मुलुंड-घाटकोपरची एमएच ०३. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी आलीच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या नूतनीकरणाचे मोटारीसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. त्यावर राज्याचा पर्यावरण करही द्यावा लागतो.

१५/ आरसीत पेट्रोल लिहिलेले आणि बॉनेटखाली डिझेल धडधडणारे, अशी जीप या तपासणीत अडते. त्याहून मोठा धोका अपघातानंतरचा असतो. न कळवलेल्या बदलाचे कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वस्तात मिळालेली गाडी तेव्हा सर्वांत महाग पडते.

१६/ लोखंडाचीही स्वतःची साक्ष असते. मोठा टायर एका फेरीत अधिक अंतर कापतो, म्हणून स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि जुन्या ड्रम ब्रेकवरचा ताण वाढतो. स्प्रिंगा उंचावल्या, की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. अशा जुन्या जीपना पुढच्या-मागच्या अॅक्सलमधला वेगफरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळवल्यास सारी यंत्रणा आवळली जाते. चिखलात चाक थोडे घसरते आणि तो ताण सुटतो. खरेदीपूर्वी फोर-व्हील आणि लो गिअर दोन्ही खरोखर लागतात का, हे मातीवरच तपासायचे असते.

१७/ ती माती मात्र उपनगरात नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेले डोंगर-जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते संरक्षित वन आहे, जीप उधळण्याचे मैदान नव्हे. येथली जीप मुरबाड, कर्जतच्या बाजूला जाते आणि तिथे पोहोचेपर्यंत घोडबंदर रस्ता, महामार्ग आणि वाहतूक पोलीस असा सारा शहरी प्रवास तिला करावा लागतो. रानात नेण्यासाठी घेतलेल्या गाडीलाही आधी रस्त्यावरून जाण्याइतके कायदेशीर असावेच लागते.

१८/ म्हणून जुन्या जीपचा जाणता ग्राहक किंमत बोलण्यापूर्वी तीन गोष्टी शेजारी ठेवतो: आरसी, इंजिनावरचा क्रमांक आणि चेसिसवरचा क्रमांक. पुष्कळदा रंगाचे थर आणि गंज खरवडल्याशिवाय चेसिसवरचे आकडे दिसत नाहीत. ते एकेक करून कागदाशी जुळले, की मगच तो किल्ली फिरवून पाहतो.