रंधा, लाकडी (दुरुस्ती व देखभाल)

लाकूड तासून सपाट व गुळगुळीत करण्याचे सुताराचे हत्यार. ‘रंधा’ हा शब्द फार्सी ‘रंदा’वरून आला. हत्यार मात्र त्याहून जुने आहे. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातही रंधे सापडले आहेत. लाकडी रंध्यात मुख्य भाग तीनच : ठोकळा, पाते आणि पाते आवळून धरणारी पाचर. पाते तळाशी साधारण ४५ अंशांचा कोन करून बसते, तळाच्या फटीतून (तोंडातून) जेमतेम बाहेर डोकावते, आणि निघालेली ढलपी वरच्या घळीतून बाहेर पडते. आपल्याकडे ठोकळ्याला शिसव, बाभूळ यांसारखे घट्ट लाकूड वापरतात.

मुंबईच्या उपनगरांत प्लायवूड, सनमायका आणि विजेवर चालणारा रंधा आल्यापासून लाकडी रंधा मागे पडला, पण गेला नाही. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकले, की अंधेरी असो वा मुलुंड, मिस्त्री पिशवीतून तोच काढतो. (जाणता मिस्त्री अशा वेळी हात राखूनच तासतो. जुलैत भरपूर तासलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडते.) जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे. तिथे जुन्या सागवानावर काम करणाऱ्याला रंध्याची धार सतत सांभाळावी लागते. एक तर सागात सिलिका असल्याने पाते लवकर बोथट होते. दुसरे, जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात. रंधा मारण्याआधी अशा लाकडावरून लोहचुंबक फिरवणे शहाणपणाचे.

जे ओल दाराचे करते, तेच रंध्याचेही. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत फुगते व आकसते. म्हणून पावसाळ्यात पाचर घळीत अडकून बसते, आणि हवा कोरडी झाली की तीच सैल पडते. सैल वाटली म्हणून पाचर कोरड्या दिवसांत जोराने ठोकून तशीच ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यात घळीच्या गालांना चीर जाण्याचा धोका असतो. काम संपल्यावर पाचर ढिली करून ठेवण्याची सवय यासाठीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मि.मी. पाऊस नोंदवला. तशा पावसाच्या पुरात भिजलेला रंधा उन्हात ठेवू नये. पाते व पाचर काढून तो सावलीत, वारा लागेल अशा जागी सावकाश वाळू द्यावा. घाई केली तर ठोकळा टोकाकडून तडकतो.

तळ सपाट करणे ही नेहमीची दुरुस्ती. तळावर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावून पाहिले, की पीळ कळतो. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा सपाट तुकडा घेऊन त्यावर पॉलिश पेपर चिकटवावा आणि तळ त्यावर घासावा. घासताना पाते आत ओढलेले, पण पाचर नेहमीइतकी आवळलेलीच हवी. पाचरेच्या दाबाने ठोकळा किंचित वाकतो. पाचर काढून सपाट केलेला तळ ती ठोकताच पुन्हा वाकडा होतो.

अशा प्रत्येक घासण्यात तोंड मात्र रुंदावत जाते, कारण घळ तळापासून वर पसरट होत जाते. रुंद तोंडाचा रंधा आडव्या-तिडव्या रेषांच्या लाकडाचे पापुद्रे उपटतो. उपाय एकच : तोंडाच्या पुढच्या बाजूस खाच घेऊन तिथे त्याच किंवा अधिक घट्ट लाकडाचा तुकडा, रेषा ठोकळ्याच्या लांबीला धरून, चिकटवावा आणि फट कानशीने हळूहळू उघडावी. पूर्वी हा तुकडा उकळलेल्या सरसाने चिकटवत. ओलीने सरस मऊ पडत असल्यामुळे जुने जोड पावसाळ्यात सुटतात. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि उकळत्या सरसाची कटकट संपली. मात्र जुना सरस गरम पाण्याने पूर्ण काढल्याशिवाय आणि लाकूड वाळल्याशिवाय नवा जोड धरत नाही.

जुनी पाती फेकू नयेत. त्यांतली बरीचशी मऊ लोखंडाची असून धारेकडे पोलादाची पट्टी जोडलेली असते. गंज काढून आधी पात्याची पाठ सपाट करावी. धारेजवळ गंजाचा एक खड्डा राहिला तरी लाकडावर बारीक रेघ उमटते. मग धार २५ ते ३० अंशांवर सहाणेवर काढावी. यंत्राच्या चाकावर पाते निळे पडले, तर पोलादाचे पाणी उतरले समजावे. पोलादी पट्टी संपली, की ते पाते संपले.

खंडेनवमीला हत्यारे पुसून पूजेला मांडतात, तोच तेलपाण्याचा मुहूर्त. पावसाळा तेव्हा सरत आलेला असतो. ठोकळ्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, तळावर मेणबत्ती घासावी, पात्याला मशिनचे तेल लावावे. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. खिडकीच्या गजावर पसरून वाळवावी, मगच कचऱ्यात टाकावी.