नोकरी गेल्यावरचा हक्क

देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, हे इथं लहान पोरही सांगतं. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि त्याच काळात, १९४४ साली, बी. पी. अडारकरांनी कामगार विम्याचा अहवाल दिला, हे फारसं कुणी बोलत नाही. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपण, बाळंतपण, अपघात सगळं त्यात होतं, बेकारी नव्हती.

ती उणीव भरायला २००५ उजाडलं. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेनं कारखाना बंद पडलेल्या किंवा कपातीत गेलेल्या विमाधारकाला भत्ता दिला. २०१८ मध्ये अटल योजना आली: पगाराच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस, तेही आयुष्यात एकदाच. अर्ज मात्र मालकामार्फत. ज्यानं काढलं, त्याच्याच दारात परत जायचं! मला हे अन्यायाचंच वाटतं.

टाळेबंदीनंतर, २०२० मध्ये, भत्ता पन्नास टक्के झाला आणि अर्ज थेट राज्य विम्याच्या शाखा कार्यालयात देता येऊ लागला.

चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी आमची पोरं माझ्याकडे अर्ज भरायला येतात. मी आधी विमा क्रमांक विचारतो. एकाच्या ठेकेदारानं पगारातून वर्गणी कापली होती, पण भरलीच नव्हती. त्याची तक्रार आम्ही पगाराच्या स्लिपा जोडून लिहिली.