टॅमिफ्लूचं आजोळ

गोड्या मसाल्यातल्या बाद्यानापासून, म्हणजे चक्रीफुलापासून टॅमिफ्लू करतात, ही गोष्ट 2009 साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा पुष्कळांच्या कानावर पडली. मलाही ती फार आवडायची. पुढे गिलियड कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी 1998 मध्ये छापलेली, हे औषध मोठ्या प्रमाणावर बनवण्याची कृती वाचनात आली आणि पहिल्याच पायरीवर मी थबकलो. तिथे चक्रीफूल नाहीच. सुरुवात होते क्विनिक अ‍ॅसिडपासून, आणि ते मिळायचं सिंकोनाच्या सालीतून. हिवतापावरचं क्विनीन देणारं झाड ते हेच!

मधला इतिहास तसा सर्वांना ठाऊक आहे. फ्लूवरचं पहिलं पोटात घ्यायचं औषध, अमँटाडीन, 1966 मध्ये आलं. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियात विषाणूच्या न्यूरामिनिडेझ या विकराची रचना उलगडली. नवे विषाणू पेशीपासून सुटे करण्याचं काम या विकराचं; त्याच्या खाचेत नेमकं बसणारं झानामिवीर तयार झालं, पण ते आतड्यातून नीट शोषलं जात नसल्याने तोंडावाटे श्वासातून ओढावं लागे. गिलियडच्या चुंग किम यांच्या गटाने त्याच खाचेसाठी ओसेल्टामिवीर, म्हणजेच टॅमिफ्लू, घडवलं. त्याला इथाइल एस्टरचं आवरण दिलं, ते यकृतात गळून पडतं आणि खरं औषध मोकळं होतं. 1996 मध्ये रोश कंपनीने त्याचे हक्क घेतले, 1999 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. 75 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत. रुग्णाच्या सहवासात आलेल्याने प्रतिबंधासाठी घ्यायची तर दिवसातून एकदाच, दहा दिवस.

आता वादाची गोष्ट. बाद्यानवाले म्हणतील की रोशने कारखान्यात शिकिमिक अ‍ॅसिडच वापरलं आणि ते चिनी चक्रीफुलातूनच काढलं. कबूल. बर्ड फ्लूच्या धास्तीने 2005 मध्ये त्या फळांवर उड्या पडल्या, हेही खरं. शिवाय किम यांनी प्रयोगशाळेत आधी शिकिमिक अ‍ॅसिडच घेतलं होतं. पण तेव्हा ते महाग आणि दुर्मीळ होतं, म्हणून तर मोठ्या घाण्यासाठी सिंकोना शोधावा लागला.

आणि दोन्ही अ‍ॅसिडं एकमेकांना किती जवळची, ते सूत्रांवरूनच दिसतं. क्विनिक C₇H₁₂O₆, शिकिमिक C₇H₁₀O₅. फरक पाण्याच्या एका रेणूचा. गिलियडच्या कृतीत क्विनिकमधून पाणी काढून टाकायचं, म्हणजे हवा तो दुहेरी बंध मिळतो. माझ्या मते, नात्यात थोरला मान सिंकोनाचाच.

शिकिमिकची जन्मकथाही बाद्यानवाल्यांना फारशी सोयीची नाही. 1885 मध्ये एकमान या डच रसायनतज्ज्ञाने ते जपानात शोधलं ते आपल्या बाद्यानात नव्हे, त्याच्या ‘शिकिमी’ नावाच्या विषारी भाऊबंदात. बौद्ध देवळांत आणि थडग्यांवर वाहतात ती ही वनस्पती. चुकून मसाल्यात गेली तर जीवावर बेतेल.

मग क्विनिककडेच हात का गेला? माझा कयास असा की क्विनीनच्या शतकभराच्या व्यापाराने सिंकोनाची साल कारखान्यांच्या सवयीची करून टाकली होती. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या सरकारी मळ्यांपासून जाव्यापर्यंत ती पिकत होती. क्विनीन काढल्यावर उरणारं अ‍ॅसिड रसायन विक्रेत्यांच्या यादीत आयतंच असणार. यातली गंमत म्हणजे 1918 च्या साथीत डॉक्टर फ्लूच्या रोग्यांना सर्रास क्विनीन द्यायचे. त्याचा विषाणूवर उपयोग नव्हता. झाड बरोबर निवडलं, रेणू तेवढा चुकला!

कोणी म्हणेल, क्विनिक अ‍ॅसिड कॉफीतही असतं, मग कॉफीला आजोळ का म्हणत नाही? तर कच्च्या कॉफीत ते बहुतेक कॅफेइक अ‍ॅसिडशी जखडलेलं असतं, सुटं करायचा वेगळा खटाटोप. शिकिमिकचं म्हणाल तर वनस्पती आणि जिवाणू दोघेही ते बनवतात, बाद्यान फक्त साठवून ठेवतं. रोशने पुढे ई. कोलाय जिवाणूंकडूनही ते बनवून घेतलं. बाद्यानवाल्यांनी आधी त्या जिवाणूशी निकाल लावून घ्यावा, मग माझ्या सिंकोनाकडे यावं.